चार इंच वर

२ जानेवारी
पिकअप आली. सेकंडहँड आहे, पण इंजिनाचा आवाज भारदस्त. बायकोच्या नर्सरीसाठी घेतली हे खरंच. कुंड्या, रोपं, मातीची पोती वाहायला. पण डीलरने किल्ली हिच्या हातात न देता माझ्या हातात दिली. माणसाची पारख असलेली माणसं असतात अजून.
घरी येताना सिग्नलला शेजारच्या गाड्यांकडे वरून खाली बघितलं. फार छान वाटलं. पण बघायला पाहिजे तेवढं वरून नव्हतं.

५ जानेवारी
ऑफिसातल्या एकाने मला ऑफ-रोडवाल्यांच्या ग्रुपमध्ये घेतलं. ग्रुपचा प्रमुख 'कॅप्टन'. पेशाने दातांचा डॉक्टर, पण प्रोफाइलच्या फोटोत चिखलाने माखलेला. नव्या माणसाने ओळख करून द्यायची पद्धत आहे. मी लिहिलं, बरीच वर्षं ऑफ-रोडिंग करतो. हे खोटं नाही. आमच्या घरासमोरचा रस्ता ज्याने बघितलाय तो याला खोटं म्हणणार नाही.
कॅप्टनने विचारलं, गाडीला लिफ्ट किती? मी लिहिलं, विचार चालू आहे. बारा अंगठे आले. ऑफिसात इतक्या वर्षांत एक आला नव्हता.

९ जानेवारी
सखोल अभ्यास. गाडी उचलायची म्हणजे सस्पेन्शन उंच करायचं. पुढे स्प्रिंग, मागे कमानपाटे. पुढे सगळ्यात सोपा उपाय म्हणजे स्पेसर. म्हणजे स्प्रिंगच्या डोक्यावर बसवायची एक जाड चकती. कॅप्टनचं मत असं की डुगडुगणाऱ्या टेबलाखाली पुठ्ठा घालणारे लोक स्पेसर लावतात.
ठरलं. स्पेसर नाही. नवे स्प्रिंग, लांब शॉकअप, नवे कंट्रोल आर्म, पूर्ण किट. अर्धवट काम आपल्याला जमत नाही.
हिने जेवताना सांगितलं की नव्या हॉस्पिटलच्या आवारातली सगळी झाडं लावायची ऑर्डर तिला मिळाली. एवढी मोठी ऑर्डर पहिल्यांदाच. गाडी वेळेवर मिळेल ना, असं विचारत होती. मी म्हणालो, तांत्रिक बाजू माझ्यावर सोड. ती जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली. विश्वासाने असावं.

१४ जानेवारी
गाडी मिस्त्रीकडे नेली. माप घेण्यापुरते मागचे पाटे सोडवून ठेवले. गाडी लोखंडी स्टँडवर उचलून ठेवली. मिस्त्री कमी बोलणारा माणूस आहे. असं किट बसेल का? बसेल. तसं बसेल का? तेही बसेल. आत्मविश्वास असलेल्या माणसाबरोबर काम करायला मजा येते.
उंचीचा प्रश्न मात्र अवघड. कॅप्टन म्हणतो, दोन इंच भाजीवाले लावतात, सहा इंच लग्न न झालेले लावतात, समंजस माणसाला चार. मी समंजस. चार.

२० जानेवारी
शॉकअपमध्ये अडकलोय. लाल चांगले की पिवळे? दोन्ही बाजूंनी जोरदार मतं आहेत. मुलगी म्हणाली, बाबा, गाडीच्या पोटाखाली रंग कोणाला दिसणार आहे? मी म्हणालो, मला माहीत असेल ना. ती म्हणाली, मग माहीत असू दे आणि कुठलेही घ्या. कॉलेजात हेच शिकवतात.
गाडी अजून स्टँडवर. ही रोज विचारते. रोज विचारल्याने निर्णयाचा दर्जा घसरतो हे तिला समजावलं.

२७ जानेवारी
पूर्ण किटची चौकशी केली. मागवल्यावर तीन महिन्यांनी येतं. किंमत ऐकून मी फोन दुसऱ्या कानाला लावला. तिथेही तीच होती.
शांतपणे फेरविचार केला. स्पेसरबद्दल आपण उगाच पूर्वग्रह बाळगून होतो. साधी, प्रामाणिक वस्तू आहे. मागे पाट्यांखाली लोखंडी ब्लॉक टाकले की झालं. दुकानात पुढचे स्पेसर दोन इंची होते, मागचे ब्लॉक चार इंची. दुकानदार म्हणाला, जे आहे ते हे आहे. घेतले. सरासरी तीन येते. मिस्त्रीला विचारलं, बसेल का? बसेल म्हणाला.
ग्रुपवर कळवलं, फोर इंच लिफ्ट, लोडिंग. चौदा अंगठे.
हिने पहिल्या खेपेसाठी भाड्याचा टेम्पो ठरवला. मी म्हणालो, माणसाने लांबचं बघावं. ती म्हणाली, मी शुक्रवारचं बघतेय.

१ फेब्रुवारी
बसलं!
गाडी मागून झकास उचलली गेली आहे. पुढून त्या मानाने कमी. मुलगी म्हणाली, गाडीचं कानातलं रस्त्यावर पडलंय आणि ती वाकून शोधतेय असं वाटतं. मी सांगितलं, याला रेक म्हणतात, शर्यतीच्या गाड्यांना मुद्दाम ठेवतात. हा शब्द मी सकाळीच वाचला, पण योग्य वेळी वापरता आला.
संध्याकाळी नर्सरीत नेली. नर्सरीतल्या मावशी हिच्याबरोबर सुरुवातीपासून आहेत. उंचीने बेताच्या. कुंडी उचलून गाडीच्या मागच्या फळीवर ठेवायला गेल्या तर फळी त्यांच्या कपाळाशी. त्यांनी बादली पालथी घातली, तिच्यावर चढल्या आणि कुंडी ठेवली. मी म्हणालो, मावशी, व्यायाम होईल. मावशींनी माझ्याकडे बघितलं. मग हिच्याकडे बघितलं. ही जास्वंदीकडे बघत होती.

४ फेब्रुवारी
किरकोळ बाब. जरा वेग घेतला की खालून थरथर येते. स्टिअरिंग हलतं, आरसा हलतो, बोलताना आपला आवाज रेडिओवर लांबचं स्टेशन लागल्यासारखा येतो. मिस्त्रीला फोन केला. म्हणाला, चालवा, बसेल. हे क्रियापद तो नेहमी भविष्यकाळात वापरतो हे आज लक्षात आलं.
उपाय सापडला. वेग घ्यायचा नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
हॉस्पिटलची दुसरी खेप. ही टेम्पो बोलावणार होती. मी हट्टच धरला. घरची गाडी दारात असताना भाड्याचा टेम्पो म्हणजे माझा अपमान. शेवटी ही म्हणाली, बरं.
सगळं नीट चाललं होतं. हळू चालवत होतो. हॉस्पिटलच्या फाटकाशी स्पीडब्रेकर. पुढचं चाक उतरलं आणि मागचा सगळा संसार केबिनवर येऊन आदळला. गाडीचा उतार मुळातच पुढे आहे. कुंड्यांनी तो धरला.
ही उतरली, मागे गेली, फळी उघडायला हात वर केला. पोचेना. मला हळूच म्हणाली, जरा वर चढवा. मी तिला उचललं. लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच. ती वर उभी राहून बघत राहिली. फुटलेल्या कुंड्या एका बाजूला सारल्या. ही बोलत असते तेव्हा मला काळजी नसते.
बागेचं काम बघणारे साहेब आले. म्हणाले, बाई, सोमवारपर्यंत चांगला माल आला तर ठीक, नाहीतर आम्ही दुसरीकडे बघू. ही म्हणाली, येईल.
संध्याकाळी नर्सरीत ही, मावशी आणि मुलगी तिघी नव्या कुंड्या भरत होत्या. मी हेडलाइटचा कोन बसवत होतो. गाडीचं नाक खाली असल्याने उजेड फक्त पुढच्या चाकासमोर पडतो. थोड्या वेळाने पाना ठेवला आणि मदतीला गेलो. ही म्हणाली, राहू द्या. रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. मग झाडू घेऊन सगळ्या खापऱ्या गोळा केल्या. गाडीत एक निळी कुंडी होती, हिची आवडती. ती विकायची नव्हती, हॉस्पिटलच्या दाराशी शोभेला ठेवा म्हणून ही आपणहून देणार होती. तिचे तुकडे निराळे ठेवले. का, ते माहीत नाही. चिकटणार तर नाहीतच.

८ फेब्रुवारी
पक्का निश्चय. लिफ्ट काढून टाकायची. गाडी हिच्या कामाची आहे. आधीच कळायला पाहिजे होतं, पण कळलं हे महत्त्वाचं. आजच मिस्त्रीकडे जाणार.
दुपारी: कॅप्टनने उद्याची मोहीम जाहीर केली. जुनी खाण, खडकाळ चढ, ओढा. माझं नाव पहिलं घातलंय, पुढे कंसात 'अनुभवी'.
लिफ्ट सोमवारी काढायची.

९ फेब्रुवारी, रविवार, सकाळी
निघतोय. ही पहाटेच नर्सरीत गेली. चहा थर्मासमध्ये भरून ठेवला होता. माझ्यासाठीच असावा.

त्याच दिवशी, संध्याकाळी
जे झालं ते झालं तसं लिहितो. निदान इथे तरी.
कॅप्टन सासूबाईंच्या छोट्या गाडीतून आला. त्याची जीप गॅरेजमध्ये आहे. गेल्या वर्षीपासून, किंवा त्याच्याही आधीपासून. त्याने सगळ्यांना सांगितलं, फोर व्हीलमध्ये टाका. सगळ्यांनी टाकली. मी दांडा शोधला. सीटखाली बघितलं. पायपुसणं उचलून बघितलं. एका माणसाने खिडकीतून डोकावून सांगितलं की या गाडीला फोर व्हील नसतेच, हिची फक्त मागची चाकं ओढतात. मी म्हणालो, माहीत आहे, मी मुद्दाम तशी घेतली, यात कौशल्याचा कस लागतो. कॅप्टन म्हणाला, मग तुम्ही सगळ्यात शेवटी या.
चढ अजून लांब होता. डांबरी रस्त्यावरून मैदानात उतरायला एक छोटासा उंचवटा आहे. शेजारून एक आजोबा सायकल घेऊन चढून गेले. मी गिअर टाकला, जरा जोर दिला आणि खालून असा आवाज आला की कॅप्टनने स्वतःच्या गालावर हात ठेवला. मागची चाकं फिरवणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस, म्हणजे सांधा, तुटला. मागे चार इंच उचलल्यामुळे शाफ्ट तिरका झाला होता, ती थरथर त्याचीच होती म्हणे.
ग्रुप म्हणाला, येताना तुम्हाला घेतो. येताना ते दुसऱ्या रस्त्याने गेले.
बराच वेळ बसलो. चहा संपला. शेवटी घरी फोन केला. ही म्हणाली, लागलं का कुठे? म्हणालो, नाही. म्हणाली, नक्की? म्हणालो, नक्की. मग विचारलं, कुठे आहात. या क्रमाने विचारलं. लिहून ठेवतोय.
ती आली, भाड्याच्या टेम्पोतून, हाताला माती तशीच. टेम्पोवाल्याने दोर बांधला. टेम्पो एवढासा, मागून आमची गाडी डोंगराएवढी. लोक थांबून बघत होते. पण स्टिअरिंग माझ्या हातात होतं. नियंत्रण पूर्णपणे माझ्याकडे.
नर्सरी वाटेत होती, तिथेच गाडी सोडली.

१० फेब्रुवारी
हिचा माल वेळेत पोचला. टेम्पोने. मिस्त्री येऊन गाडीखाली सरपटला, बाहेर आला, हात पुसले. शाफ्ट वाकलाय, गिअरबॉक्सचं तोंड गेलंय. मी विचारलं, दुसरा बसेल का? म्हणाला, नाही. या माणसाच्या तोंडून हा शब्द मी प्रथमच ऐकला. घाबरलो.

१६ फेब्रुवारी
हॉस्पिटलने हिला बागेच्या देखभालीचं वर्षभराचं काम दिलं. ही भाजी निवडता निवडता सांगत होती, सहज सांगावं तसं. पण दोनदा सांगितलं. टेम्पोवाल्याला महिन्याच्या बोलीवर ठेवलं आहे. मी अभिनंदन केलं आणि म्हणालो, धोका पत्करल्याशिवाय मोठी कामं मिळत नाहीत, आपण तो पत्करला. ती हसली. खूप हसली. डोळे पुसून परत हसली. बऱ्याच दिवसांनी घरात हलकं वाटलं.

२ मार्च
ऊन वाढलंय. गाडी आहे तिथेच. मावशींनी तिच्यावर वेल सोडलेत आणि खाली सावलीतली रोपं ठेवलीत. म्हणतात, खाली गार असतं आणि बसून पाणी घालता येतं. गाडीवर पाटी लावली आहे, 'सावलीची झाडं इथे मिळतील'. मी जमिनीवर आडवं पडून एक फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. बेस कॅम्प. नऊ अंगठे. कॅप्टनचाही.
दुरुस्तीबद्दल लवकरच निर्णय घेणार. घाई नको.

९ मार्च
मी गाडी पुसत होतो. ही येऊन शेजारी उभी राहिली. वाकून खाली बघितलं, मागे जाऊन बघितलं. मग विचारलं, ही नक्की किती वर घेतलीत?
सगळं समजावलं. पुढे स्पेसर, मागे ब्लॉक, पुढे दोन, मागे चार. मध्येच न तोडता तिने पूर्ण ऐकलं. या विषयावर घरातल्या कोणी माझं मत विचारण्याची ही पहिलीच वेळ. मी म्हणालो, मुळात सहाच घ्यायला हवी होती, माझं आधीपासून तेच म्हणणं होतं.
ही म्हणाली, हो, दोन इंच अजून मिळाले तर बरं. मोठ्या नेच्यांची पानं गाडीच्या पोटाला टेकतात.
जाता जाता थांबली आणि म्हणाली, आणि चाकं काढून गाडी विटांवर ठेवली तर आणखी दोन रांगा बसतील का तेवढं बघून सांगा.
बघतो म्हणालो.