बुटातली कमान

१ जुलै, मंगळवार
सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवला आणि टाचेत खिळा ठोकल्यासारखं झालं. डॉक्टर म्हणतात, तळव्याची कमान बसली आहे. स्वतःच्याच पायाची किळस आली. आर्च सपोर्ट घेतले. बुटात घालायचे. खाली वेलक्रोच्या तीन गाद्या, हव्या तेवढ्या लावून कमान उंच करायची.
मुख्याध्यापिका वैजयंतीबाईंनी बजावलंय, पंधरा तारखेपर्यंत उभं राहून शिकवता आलं नाही तर दहावी अ चन्नवीरकडे आणि मी लायब्ररीत. चन्नवीर! त्याला फळ्यावर सरळ रेघ मारता येत नाही, तो भूमिती शिकवणार.
आठ दिवसांत पाय बरा करतो.

३ जुलै
एक गादी. घरापासून शाळेपर्यंत स्कूटरवर टाचेचं नाव नाही. अप्रतिम वस्तू. बूट वर्गाबाहेर काढले. हा नियम मीच आणला, चार वर्षांपूर्वी. पोरं रस्त्यावरचं शेण आणि पिचकाऱ्या तुडवत येतात, तसेच वर्गात? शी.
तिसऱ्या तासाला टाच पेटली. गादी कमी पडते.

५ जुलै
दोन गाद्या. स्कूटरवर उत्तम. वर्गात भिंतीला टेकून प्रमेय सांगितलं. कंपनी फसवी असावी.

७ जुलै
इंद्रायणी म्हणाली, अहो, घरात तरी मऊ चप्पल घाला की. बूट दाराबाहेर, तुम्ही फरशीवर, मग तो आधार कुणाला? म्हटलं, संसार तेवीस वर्षांचा झाला आणि आता देवघरापुढून चप्पल फिरवू? ती म्हणाली, नवीकोरी आणा. नवी झाली तरी चप्पलच. जेवण गेलं नाही.

९ जुलै
तीन गाद्या. बुटात पाय मावेना. नाडी सोडून घातले. दाराबाहेर बेचाळीस जोडांचा वास. त्यात माझे बूट. त्यांना दिवसभर तिथं ठेवायचं म्हणजे अत्याचार.

११ जुलै, शुक्रवार
वैजयंतीबाईंनी विचारलं, सर, दिवसातून बूट पायात असतात किती वेळ? म्हणालो, पुष्कळ. घरी येऊन मोजलं. जाऊन-येऊन चाळीस मिनिटं. तीही बसून.
बाई तेव्हाच म्हणाल्या होत्या, नियम तुमचाच, तुमच्यापुरता सोडा. म्हणालो, विचार करतो. शास्त्रीय गरज असेल तर स्वच्छतेला अपवाद चालतो. हे मी नेहमीच म्हणत आलोय.

१४ जुलै, सोमवार, सकाळी ७
बुटांचे तळ साबणाने घासले. फिनाईलने पुसले. आज बूट घालून वर्ग. मुलं समजून घेतील. माझ्यावर जीव आहे त्यांचा.

दुपारी २
बूट घालून वर्गात शिरलो. बेचाळीस चेहरे माझ्या पायांकडे. मी शेण बघतो तसेच. पहिल्या बाकावरची ज्ञानदा उठली. सर, आमी हितंच डबा खातो की, म्हणाली. अदबीने. मागून कुणीतरी म्हणालं, लई घाण वाटतंय.
त्यांची शिकवण पक्की आहे. मीच दिलेली.
बूट काढून बाहेर ठेवले. दुसरं प्रमेय खुर्चीत बसून.

१५ जुलै
दहावी अ चन्नवीरकडे. दारावरून गेलो. पायांत मोजे, हातात खडू, तो तासभर उभा. रेघ वाकडीच होती. मुलं उतरवून घेत होती.
लायब्ररीत बूट घातले तरी चालतात. तीनही गाद्या लावून बसलो. दिवसभर कुणी आलं नाही.