उरलेला लाल रंग आत्याला

लिहून ठेवतो ते असे. मी, ज्याला सगळे भिंगरी म्हणतात तो, वय सव्वीस, लग्न नाही, आईवडील हयात नाहीत, काम गोदीत दोरावर लटकून जहाजांना रंग मारणे. शाळेत फार टिकलो नाही, तरी अक्षराला हसू नये. प्यायलेलो नाही, ताप नाही, मागे उभं राहून कोणी लिहून घेत नाही. डोकं ठिकाणावर आहे, फक्त कालपासून आनंदाने जरा हललं आहे.

काल आत्याचा फोन आला. "भिंगऱ्या, झालं रे! तलाव, भोवतीचं सगळं जंगल, नैसर्गिक वारसा म्हणून जाहीर झालं. आता रस्ता नाही की हॉटेल नाही!" मी दोरावर होतो, तिथेच नाचलो. खालून मुकादम ओरडला, "पडशील मेल्या!" तेव्हा डोक्यात आलं, खरंच पडलो तर? म्हणून हे मृत्युपत्र.

१. घर व जमीन. तलावाच्या वाटेच्या तोंडाशी असलेलं घर आणि अंगण आजोबांनी वाटणीत मला दिलं, शहरातली खोली दादाला. ही जागा खाजगी, म्हणून जाहीर झालेल्या हद्दीबाहेर राहिली. पाण्यापर्यंत गाडी न्यायची तर इथूनच जावं लागतं. मी असाच गेलो तर जागा दादाकडे जाईल. दादा वाईट नाही, पण रस्त्याच्या ठेकेदाराने खांद्यावर हात टाकला की विरघळतो. मला म्हणाला होता, "तू तिकडे लांब, तुला जंगल काय करायचंय?" दादा, इथे गोदीत टाकीचं पाणी येतं, त्याला गंजाची चव असते. आपल्याकडे नळाला येतं ते त्या झाडांनी धरून ठेवलेलं. रोज पेला तोंडाला लावला की मला कळतं, जंगल काय करायचंय ते.

सबब, ही जागा मी तलावाच्या जंगलात सामील व्हावी म्हणून कायमची देत आहे. आत्या आहे तोवर ती घरात राहील, तिला कोणी उठवू नये. तिच्यानंतर अंगण झाडू नये, गळणारं छप्पर दुरुस्त करू नये. तिथल्या पावसात पुढचं जंगलच बघून घेईल.

२. मोटारसायकल दादाला. ब्रेक उशिरा लागतो. आधीच सांगितलं, मागाहून शिव्या देऊ नयेत.

३. ठेकेदारास, ज्याने शहरभर सांगितलं की "रस्ता होईल, पण एकही झाड पडणार नाही," त्यास मी खालील हकिकत ठेवून जातो. तलावातून नळाचं पाणी जातं, तिथल्या जाळीवरचा पालापाचोळा काढायचं काम आत्या करते. होडीतून जाताना तिला काठच्या झाडांवर लाल पट्टे दिसले, पाडायच्या झाडांना मारतात तसे. सगळे पाण्याच्या बाजूला, फिरायला येणाऱ्यांना दिसू नयेत असे. मी तेव्हा सुट्टीवर होतो. जहाजाचा लाल रंग माझ्याकडे होताच. आत्याने डबा धरला, मी पहाटेच्या धुक्यात वाटेकडच्या झाडांनाही तसेच पट्टे मारत गेलो. आत्या म्हणाली, "सरळ मार की, शाळेतल्या अक्षरासारखा नको!"

सकाळी फिरायला आलेले लोक हबकले. सगळं जंगल पाडणार! आठवड्याच्या आत नगरपालिकेचं सभागृह भरलं. ठेकेदार घामाघूम होऊन उठला. "अहो, ही सगळी झाडं आमची नाहीत! आमची फक्त पाण्याकडची!"

मागून आत्या म्हणाली, "म्हणजे पाडणार होता तर! आम्हाला वाटलं, एकही नाही."

मग जे हसू फुटलं आणि मागोमाग जो गलका झाला, तो तिथून थेट कालच्या फोनपर्यंत थांबला नाही. पुढची धावपळ, अर्ज, मोर्चे आत्याने आणि शहराने केले. पट्टे माझे होते. हा कागद उघडेल तेव्हा मी हाती लागणार नाही, त्यामुळे साहेबांनी खुशाल तक्रार करावी.

४. दोर, कमरेचा पट्टा आणि ब्रश माझ्या जागी येईल त्याला. पट्ट्याची कडी रोज तपासावी. क्रेनवाल्याला काही नाही. साक्षीदाराला काही देता येत नाही, असं तोच सांगतो आणि तोंड पाडतो.

५. घराच्या माळ्यावर लाल रंगाचा अर्धा डबा आहे. तो आत्याला. झाकण घट्ट लावून ठेवावं. पुन्हा कोणी गोड बोलत आलं, तर हात सरळ ठेवायला तिला माझ्यापेक्षा चांगलं जमेल.

मला मरायची घाई नाही. पुढच्या सुट्टीत ते पट्टे खरवडायला जायचं आहे.

ठिकाण: गोदीतली कामगारांची खोली, वरचा पलंग.
दिनांक: फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी, सुट्टीचा वार.

सही: भिंगरी

साक्षीदार १: क्रेनवाला. वाचलं. माणूस शुद्धीवर आहे, मात्र फार खूश आहे.
साक्षीदार २: कॅन्टीनचा आचारी. माझ्यासमोर सही केली. लिहिताना एका जागी बसला, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.