कितवी आलीस?

लाडक्या ताईस,

मी बरी आहे, हे आधी वाच. बाबांचा गुडघा कसा आहे?

रविवारी शर्यतीत शेवटच्या वळणावर छाती आवळली, श्वासातून शिट्टी वाजू लागली आणि मी खालीच बसले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गारठ्यात जोरात पळलं की थंड, कोरड्या हवेनं श्वासनलिका आकसतात." इन्हेलरने आता बरं वाटतं. पण हिवाळाभर बाहेर पळायचं नाही, म्हणून संघातून माझं नाव काढलं. आज सगळ्या सरावाला गेल्या. मी खोलीत त्यांचे मोजे वाळत घातले.

काल बाबांनी फोनवर विचारलं, "कितवी आलीस गं?" मला रडू फुटलं. आवाज येत नाही म्हणत फोन ठेवला. तूच सांग ना त्यांना.

तुझीच,
धाकटी