टाळ्यांची सभा

कोल्हापूर, ९ फेब्रुवारी १९९८

ती. अमरेशअण्णास शिवगंगाचा शि. सा. न. वि. वि.

शिरोलीला यांच्या कारखान्याचं गेट बंद होऊन महिना होत आला. नव्या अटींवर एकेकट्यानं सही करा, मगच आत घेतो, असं मालक म्हणतो. आमचे हे सही करणार नाहीत. पण गेटसमोरचा मंडप रोज थोडा रिकामा होतोय. पूर्वी तुझ्या एका भाषणावर हीच माणसं दिवसभर उन्हात बसायची. रविवारी ये. अव्वा विचारते, पुण्यात राहून माझ्या लेकाचा आवाज शाबूत आहे ना?

घरच्यांवरची माया आटू देऊ नकोस.
तुझी तंगी, धाकटी बहीण शिवगंगा

पुणे, १७ फेब्रुवारी

चि. शिवगंगास अनेक आशीर्वाद.

पोचलो. अंग अजून आंबलेलं आहे. इतकी वर्षं बोलतोय, पण इतक्या शांतपणे कुणी ऐकलं नव्हतं. मध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही. शेवटी टाळ्या पडल्या, मंडपातल्या सगळ्यांत जुन्या कामगारानं, पिराजीमामांनी हार घातला, कपबशीतून चहा दिला. एकट्यानं सही करणारा नुसता पगार गमावत नाही, शेजारच्याचा खांदा गमावतो, हे त्यांना पटलेलं दिसलं. मंडप टिकणार, असं मी इथल्या युनियनच्या कमिटीला सांगून टाकलंय. आता जरा झोपतो.

अव्वाला नमस्कार. मला विसरू नका.
अमरेश

कोल्हापूर, २४ फेब्रुवारी

ती. अण्णास शि. सा. न. वि. वि.

टाळ्या ऐकल्या तेव्हाच मी ओळखलं, हे काही खरं नाही. पटल्यावर आपली माणसं कधी गप्प बसलीत? मध्येच 'व्हय की!' म्हणून ओरडतात, 'मुद्द्याचं बोल' म्हणतात, बाप काढतात. टाळ्या आणि कपबशी पावण्याला. तू गेल्यावर पिराजीमामांनी विचारलं, पावणं झ्याक बोललं, पर आमच्याकडचं का मालकाकडचं? अमरेशच हाय की तो, म्हटलं. तर म्हणाले, आवाज त्याचा हाय, बोलणं सायबाचं.

दुसऱ्या दिवशी निम्मे सही करून आत गेले. उरलेले उठायला लागले तशी मी उभी राहिले. तुझंच खांद्याचं बोलणं आपल्या बोलीत सांगितलं. उद्या तुला काढताना कोण बोलंल? म्या तर न्हाय बोलणार! पिराजीमामा ओरडले, तू गप की गं, नवऱ्याला बोलू दे. मागून दुसरा ओरडला, बोलू दे की तिला! भांडण जुंपलं. पण उठलेले खाली बसले. हे म्हणतात, आता तू मंडपात बस, मी भाकरी थापतो.

रागावू नकोस. माया असू दे.
शिवगंगा

पुणे, २ मार्च

चि. शिवगंगास आशीर्वाद.

रागावलो नाही, थकलोय. इथल्या पहिल्या सभेत मी 'न्हाय' म्हणालो आणि लोक हसले. आपल्या मागण्यांना कुणी हसू नये म्हणून ते बोलणं बाजूला ठेवलं. आता शोधतो तर हाताला लागत नाही. साहेबासमोर वाकू नका, असं गावोगाव सांगत हिंडलो; माझी जीभ कधी वाकली, कळलंच नाही. कमिटीला कळवलंय, मंडप माझ्यामुळे टिकलेला नाही.

रविवारी येतो. माइकला हात लावणार नाही. तू बोल. मी मागे बसून 'व्हय की' ओरडेन. ते नीट जमलं नाही, तर पिराजीमामांना म्हणावं, चारचौघांत माझा बाप काढा. तेवढ्यासाठी तरी यायलाच हवं.

लोभ ठेवा, हार ठेवू नका.
अमरेश