थुंकणारे व्याही

लिक्सलिप, आयर्लंड

प्रिय पद्माकर,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष. (विनंती खरोखरच विशेष आहे, पण ती मागाहून, आधी संताप.) निफाडची थंडी कशी आहे, वहिनींचे गुडघे काय म्हणतात, द्राक्षाच्या बागेत माल कसा धरलाय, सगळं कळव. मी इथे विवेककडे शरीराने ठीक. बाहेर सदा भुरभुर चालू असते आणि सूनबाई मेधा इथल्या लोकांसारखी कपाटाला ‘प्रेस’ म्हणते. एवढं मी सोसत होतो.

मी आलो एकाच कामाला, इशिताला ‘नाही’ सांगायला. माझी एकुलती नात गॉलवेला हृदयात बसवायच्या नळ्यांच्या कंपनीत आहे आणि तिथेच तिने ल्यूक नावाचा फ्रेंच मुलगा ठरवलाय. मुलाचा बाप बेर्नार फ्रान्सात ल्वार नदीच्या खोऱ्यात वाइन करतो. नदी म्हटल्यावर क्षणभर विरघळलो (मला लगेच चौथीचा वर्ग आणि खिडकीतून येणारं तिरपं ऊन दिसतं, तू जाणतोस), पण सावरलो. दारू ती दारू.

गेल्या शनिवारी हा बेर्नार ल्यूक-इशिताबरोबर सहा बाटल्या घेऊन मुक्कामाला आला. जेवणाच्या टेबलावर पेले आणि मधोमध बादली. मला वाटलं, बर्फाची असेल. गृहस्थाने पेल्यात सोनेरी वाइन ओतली, पेला गरगर फिरवला, त्यात नाक खुपसलं, घोट घेऊन आपण मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करतो तसा खळखळवला आणि सर्वांदेखत बादलीत थुंकला. पद्माकर, जेवणाच्या टेबलावर! विवेक म्हणतो, अप्पा, वाइन पारखायची हीच रीत, सहाच्या सहा गिळल्या तर पारखणारा उभा राहायचा नाही. (मुलाला शिकवल्याचं हे फळ.) आणि वाइन कुणाची, तर त्याचीच, आज्याने लावलेल्या वेलींची. स्वतःच्या शेतातलं जो थुंकतो, त्याच्या घरी मुलगी द्यायची?

ठरवलं, याला कृतीनेच धडा द्यायचा. माझ्यापुढे पेला आला. वाढलेलं टाकायचं नाही ही आमच्या वडिलांची शिस्त. कारल्याची भाजीसुद्धा मी कधी पानात टाकली नाही. त्याच्या डोळ्यांत बघत घोट गिळला. त्याने दुसरी ओतली, तीही गिळली. तो थुंकतोय, मी गिळतोय. इशिता कुजबुजली, “आजोबा, यू डोन्ट हॅव टू.” मी म्हटलं, “अन्न आहे ते.”

चौथ्या पेल्याला तो ल्यूककरवी सांगू लागला की एप्रिलात हिम पडलं की कोवळी पालवी करपते, म्हणून सगळा गाव वेलींच्या रांगांत आगी पेटवून जागतो. मी ताडकन उठलो. “आमचा पद्माकर निफाडला हेच करतो!” (शेकोट्यांचा धूर, तुझी माकडटोपी, सगळं साभिनय करून दाखवलं.) मग कशी कोण जाणे, चौथीतली नदीची कविता सुरू झाली. एक शब्द कळत नसताना तो माणूस पेला खाली ठेवून ऐकत बसला. संताप याचाच येतो. माझ्या घरात आजवर कुणी दुसऱ्या कडव्यापर्यंत टिकलेलं नाही.

पुढचं मेधाने सकाळी सांगितलं. मी म्हणे देवघरातला नारळ आणून बेर्नारच्या ओंजळीत ठेवला, वर साखर भरवली आणि ‘व्याहीबुवा’ म्हणून मिठी मारली. म्हणजे सुपारी फुटली की रे! मी हे मानत नाही. त्या नारळाला शेंडीच नव्हती. इथे नारळ हजामत करून विकतात. असल्या नारळावर लग्न ठरत नाही, असं इशिताला ठणकावलं. ही मुलगी माझ्याशी जन्मात इंग्रजीशिवाय बोलत नाही. ती खाली बघत, एकेक शब्द जुळवत मराठीत म्हणाली, “आजोबा, मग तुम्ही तो परत घेणार?”

विचार करतो म्हणालो.

तुझा रागावलेला,
पुरुषोत्तम

ता. क. नारळ परत घेता येत नाही. निघण्यापूर्वी बेर्नारने तो फोडून घेतला आणि उभ्याउभ्या अर्धा खाल्ला. थुंकला नाही.

आणखी ता. क. लग्न सप्टेंबरात आहे, ऐन द्राक्षतोडणीत, त्याच्या नदीकाठी. पूर्ण कविता ऐकल्याशिवाय पहिला घड तोडणार नाही, असं व्याहीबुवांचं म्हणणं. पंचाईत अशी की त्या दिवशीही मी तिसऱ्या कडव्यावर अडलो. वर्गातही तिथेच अडायचो आणि मागच्या बाकावरून तू हळूच पुढची ओळ सांगायचास. कडवं पत्रातून पाठवू नकोस. पासपोर्ट काढ. माझ्यामागची खुर्ची धरून ठेवायला मी इशिताला सांगितलंय.