चादरींमागे घेतलेली गोळी

अप्पा,

तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझा राग गेलेला नाही. तो जावा म्हणूनही हे लिहीत नाही. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे. जिवंत होतात तेव्हा तुम्ही बोलू दिलं नाहीत.

बाहत्तरच्या दुष्काळानंतरचं साल. कॉलेज अर्धवट सोडून घरी बसलेली, कानात माणसं बोलतात म्हणून औषध चालू असलेली मी तुमची थोरली लेक. माझ्या गोळ्या घरात नकोत, पाहुण्यांच्या नजरेला पडतील, म्हणून तुम्ही त्या दुकानाच्या गल्ल्यात ठेवल्यात. रोज दुपारी मी तुमचा डबा घेऊन येते, चादरींच्या थप्पीमागे जाऊन गोळी गिळते आणि रिकामा डबा घेऊन परत जाते. पहिल्या गोळ्यांनी मान आखडायची, तोंडातून लाळ गळायची, म्हणून डॉक्टरांनी गोळी बदलली. तेव्हा मी समोर होते. "औषध बदलताना त्रास होऊ शकतो. काय होतंय ते येऊन सांगायचं, आपल्या मनानं बंद करायचं नाही," असं ते मला म्हणाले होते, तुम्हाला नाही. त्यानंतर तुम्ही मला तिथं नेलंच नाहीत. लेक त्या दवाखान्यात दिसली तर सोयरीक कोण करणार? तुम्ही एकटेच जायचात आणि गोळ्या घेऊन यायचात.

नव्या गोळीनं कानातली माणसं गप्प झाली, पण पाय पेटले. दुखत नव्हते, थांबत नव्हते. बसलं की उठावं, उठलं की चालावं, चालून दमलं तरी आतून कुणीतरी ढकलतंय. अव्वा भाकरी थापायची आणि मी स्वयंपाकघरात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. "बस की गं लेकी, मलाच गरगरायलंय," ती म्हणायची. दुकानात तुम्ही दात आवळून म्हणायचात, "सुम्म कुंदरू!" गप बस. गिऱ्हाइकाला कळू नये म्हणून कानडीत. सोलापुरात कानडी न कळणारं गिऱ्हाईक तुम्हाला कुठं भेटलं होतं, अप्पा?

एकदा मी विचारलं, "डॉक्टरांना माझ्या पायांचं सांगितलंत?" चादरीची घडी घालत तुम्ही म्हणालात, "सांगितलं की. पोरगी शांत हाय म्हणून. ह्या गोळीनंबी काय तर होतंय म्हटलं, तर पुरती येडीच म्हणतील तुला."

त्या दुपारी मी गोळी जिभेखाली धरून बाहेर पडले आणि गटारापाशी थांबले. थुंकली असती तर पाय थांबले असते आणि ती माणसं परत आली असती. मी ती गिळली, कडूजहर झालेली, आणि घरी न जाता चालत सुटले. थेट दवाखाना. तिथं आपल्या गल्लीतली एक मावशी सुनेला घेऊन बसलेली. "अगं, तू चादरवाल्यांची न्हवं? कुणाला दाखवायला आणलंस?"

"मलाच," मी म्हटलं.

डॉक्टर म्हणाले, "वडील तर म्हणाले, सगळं ठीक आहे."

"त्यांचे पाय ठीक आहेत."

ते हसले नाहीत. समोर बसवून माझे पाय बघत राहिले. मग गोळी कमी केली, जोडीला दुसरी एक लिहून दिली. मी घरी पोचायच्या आत मावशीची बातमी दुकानात पोचली होती. "नाक कापलंस! आता कोण पदरात घेणार तुला?" म्हणत तुम्ही गोळ्यांची पुडी माझ्या अंगावर फेकलीत. "तुझं तू बघ." तुमच्याकडून मला मिळालेली सगळ्यात चांगली गोष्ट तीच, आणि तीही फेकलेली. पुढं काही दिवसांनी मी एका जागी बसून अख्खी भाकरी खाल्ली. अव्वा बघत राहिली. तुम्ही पाहिलं नाहीत, कारण तोवर माझ्याकडे बघणंच तुम्ही सोडलं होतं.

उद्या माझी गोळी पुन्हा बदलणार आहेत. आता मी एकटीच जाते, होतंय ते नीट सांगते, कुणाची लाज धरत नाही. हे कागद कुठं पाठवायचे नाहीत, म्हणून एवढं कबूल करते: मला भीती वाटतेय. आज भाजी निवडताना वाटून गेलं, उद्या तुम्ही सोबत यायला हवे होतात. बाहेर, बाकावर बसायला. आत मी तुम्हाला घेतलं नसतं.