शीच्या रिपोर्टमधलं रक्त

मंगळवार, संध्याकाळ

आज मी बायकोवर, सुनीतावर हात उचलला. दीड महिन्याच्या बाळाच्या शीच्या रिपोर्टमध्ये रक्त आलं. ते वाचलं आणि "काय खाल्लंस तू?" म्हणत तिच्या कानाखाली दोनदा मारली. ती बाळाला पाजत होती. दुसऱ्यांदा का मारली?

सातपूरच्या डॉक्टरीणबाईंनी बाळाला तपासलं, मग सुनीताला. म्हणाल्या, "बाळ ठणठणीत आहे. आईच्या स्तनाला चिरा पडल्यात. दुधाबरोबर तिचंच रक्त त्याच्या पोटात गेलंय." मग तिच्या सुजलेल्या गालाकडे पाहिलं. "हे कुणी केलं?"

"ह्यांनी," सुनीता म्हणाली.

दुसऱ्यांदा का मारली मी?

दवाखान्यातून ती बाळाला घेऊन थेट वणीच्या एसटीत बसली, माहेरी जायला. मी खिडकीखाली उभा राहून हाका मारल्या. तिने काच ओढून घेतली.